अळूच्या देठांची चटई

हारुकोआजींमुळे मी या परक्या मुलखात टिकलो. हॉटेलात आम्ही शेजारी उभे राहून भाजी चिरतो; जपानी बोलायला त्यांनीच शिकवलं. काल सुट्टी होती, म्हणून त्यांनी मला इथला जुना किल्ला दाखवला.

वरच्या दालनात गादीसारख्या जाड चटया होत्या. आजी म्हणाल्या, "पूर्वी यांत वाळवलेले अळूचे देठ भरायचे. वेढा पडून धान्य संपलं, की बसायची चटईच शिजवायची."

मला आईच्या हातची, अळूच्या देठांची दह्यातली देठी आठवली. नववीत शाळा सोडली, तोवर पुस्तकात वेढे पुष्कळ वाचले होते. आतली माणसं काय खात असतील, हे कधी मनातही आलं नव्हतं. किल्ले तोफांनी पडतात तसे आतल्या भुकेनेही पडत असतील.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमचं हॉटेल चालत नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलवाल्याने मला बोलावलंय, उद्या उत्तर द्यायचंय. आणि मला या देशात आणलं ते आमच्या शेठनी.

मी विचारलं, "आजी, उपाशीपोटी सगळे आतच थांबायचे?"

"कुठले! आमच्या पूर्वजांनी गुपचूप मागचा दरवाजा उघडून दिला शत्रूला. म्हणून तर मी आहे, तुझं डोकं खायला!" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुला जायचं तर जा. पण शेठना सांगून, पुढच्या दाराने जा."

त्यांना कसं कळलं, कोण जाणे. आज शेठसमोर बसून त्यांना सगळं सांगायचंय. काहीही होवो, हारुकोआजींना एक दिवस माझ्या गावी नेईन आणि आईच्या हातची देठी पोटभर खाऊ घालीन.