आत्याच्या हातची संत्र्याची फांदी

माझ्या आत्याला भरतकाम कोणी शिकवलं नव्हतं. पांढुर्ण्याहून रेल्वेच्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्यांच्या घरून टाकून दिलेला उशीचा एक फाटका अभ्रा तिच्या हाती आला. आत्या तेव्हा पंचविशीच्या आतली होती, नवऱ्यानं सोडलेली, आणि माझ्या वडिलांच्या, म्हणजे भावाच्या, घरी राहायला आलेली. तिनं तो अभ्रा उलटा केला आणि सुईच्या टोकानं एकेक टाका उसवत गेली. दोरा कुठून वर आला, कुठं खाली गेला, हे पाहायचं. फूल उसवून झालं की त्याच दोऱ्यानं तेच फूल पुन्हा भरायचं. दोरा झिजून तुटेपर्यंत तिनं तो अभ्रा कितीदा उसवला असेल, याची गोष्ट आई हसत सांगायची. आत्या हसत नसे. ती म्हणायची, "सुलट्या बाजूनं नुसतं पाहाले चांगलं. शिकाचं असन त उलटं करा लागते."

टाक्यांची नावं तिला ठाऊक नव्हती, म्हणून तिनं आपली ठेवली होती. मुंगीची वाट, जवारीचा दाणा, बाजेची वीण. बाजारात नमुन्यांची छापील पुस्तकं मिळत. त्यात गुलाब असत, हंस असत, टोपलीत बसलेलं मांजरीचं पिल्लू असे. आत्या कधीकधी तेही भरी, पण तिचं स्वतःचं चित्र एकच होतं, संत्र्याची फांदी. एका टोकाला पिकलेली दोन फळं, दुसऱ्या टोकाला पांढरा बहार. एका फांदीवर दोन्ही एकदम कसं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बगिच्यात जाऊन पाय. रायते कधी कधी."

आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे आले की चहा-पोहे झाल्यावर त्यांच्यातली एखादी बाई विचारायचीच, "पोरीनं काय काय केलं हाय, दाखवा न." मग पेटीतून टेबलक्लॉथ, रुमाल, उशीचे अभ्रे निघायचे. पोरीला सुई धरता येत असो वा नसो, कामं मांडावी लागत. म्हणून लग्नाच्या मुलींच्या आया दोन-तीन महिने आधी आत्याकडे कापड घेऊन येत. कोपऱ्यात पोरीचं नाव भरायचं असे. आत्याला अक्षरं येत नव्हती. नाव कागदावर लिहून दिलं की ती वेलबुट्टी काढावी तसं ते काढी. पांढुर्णा, सावरगाव, मोहगाव, कुठं कुठं तिची कामं गेली, आणि सगळी दुसऱ्यांच्या नावानं गेली.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. त्याचं श्रेय आत्याचं आहे. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मॅट्रिक झाल्यावर माझं लग्न करून टाकावं असं त्यांचं मत होतं. आत्या त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, हिले शिकू दे. घरचं काम मी करतो न." तिनं खरंच माझ्या वाटचं सगळं काम केलं, म्हणून मी परीक्षांना बसू शकले. सुई मात्र मी कधी हातात घेतली नाही. गरज पडली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सौंसरची मंडळी मला पाहायला आली. घर शिकलेलं, सासरे मास्तर. आत्यानं माझ्यासाठी संत्र्याची फांदी भरली होती, कोपऱ्यात माझं नाव. होणाऱ्या सासूबाईंनी ती हातात घेतली, खूप वेळ पाहिली आणि विचारलं, "हे तूच केलं?" माझ्याआधी वडीलच बोलले, "हो, तिनंच." मी खाली पाहत होते. आत्या दारामागे कपबश्या धरून उभी होती. लग्नानंतर ती फांदी काच लावून सासरच्या बैठकीत टांगली गेली. कोणी आलं की सासूबाई दाखवायच्या, "आमच्या सुनेच्या हातचं. बी.ए. हाय, तरी हातात कला हाय."

तीन-चार वर्षांनी सौंसरला बायकांना शिवण-भरतकाम शिकवायचं एक सरकारी केंद्र निघालं. शिकवायला एक बाई घ्यायची होती. शिक्षणाची अट नव्हती. स्वतःच्या हातची आठ कामं दाखवायची होती. मी पांढुर्ण्याला निरोप पाठवला. तोवर वडील गेले होते, माझ्या भावाचं लग्न झालं होतं, आणि दोन खोल्यांच्या घरात आत्याचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली आलं होतं. भावजय वाईट नव्हती, पण तिला जागा हवी होती आणि ती तसं बोलून दाखवत असे.

"पगारात भाड्याची एक खोली भेटली तरी लय झालं," आत्या मला म्हणाली. "आपली बाज, आपली चूल. दाराले आतून कडी लावाची."

त्या दिवसांत ती याशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. दाखवायला तिच्याजवळ स्वतःचं एकही काम नव्हतं, सगळी लोकांच्या घरी. दीड महिन्यात अंगणातल्या उजेडात बसून तिनं आठ नवी केली. आमच्याकडे सरकारी कामकाज हिंदीत, म्हणून मी हिंदीत अर्ज लिहिला, तिला सही शिकवली, आणि टाक्यांची पुस्तकातली नावं तिच्याकडून पाठ करून घेतली. संत्र्याची फांदीही त्या आठात होती. मीच म्हटलं, "ही सगळ्यात वर ठेव." आमच्या बैठकीत तशीच एक माझ्या नावानं टांगलेली आहे हे मी विसरले नव्हते. निवडणारे छिंदवाड्याहून येणार, ते आमच्या बैठकीत कशाला येतील, असा माझा हिशेब होता.

निवडीच्या दिवशी सकाळी सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून निघाल्या. "गावातल्या दोन बाया पायजेत म्हने समितीत. मलेबी बसवलं," चपला घालता घालता त्या म्हणाल्या.

मी बसस्टँडवर गेले. आत्या गाठोडं पोटाशी धरून उतरली. चालताना मी म्हटलं, "आत्या, ती फांदी काढून ठेव."

"काहून? तूनंच त वर ठेव म्हनलं."

"राहू दे न."

"मंग सात दाखवू काय? आठ मांगतले हायेत त्याइनं." मग माझ्याकडे पाहून ती हसली. "तू काहून घाबरून राहिली वं? परीक्षा माही हाय."

मी तिला कारण सांगितलं नाही. दोनशे पावलांचा रस्ता होता. सांगता आलं असतं.

छिंदवाड्याचे अधिकारी मधे बसले होते, दोन्ही बाजूंना गावातल्या दोघी बाया, त्यातल्या एक सासूबाई. मी भिंतीशी उभी राहिले. अधिकाऱ्यांनी कामं उलटसुलट करून पाहिली. "बहनजी, ये कौन सा टाँका है?" आत्यानं बरोबर सांगितलं. दुसरं विचारलं, तेही सांगितलं. "बहुत सफाई है," ते म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा तेव्हा जसा होता तसा मी आधी कधी पाहिला नव्हता.

मग फांदी सासूबाईंच्या हातात गेली.

"हे त आमच्या सुनेचं हाय!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "काहो आत्याबाई, भाचीचं काम घेऊन आल्या काय? आमच्या घरी काचेत लावलं हाय, नावासकट."

दुसरी बाई म्हणाली, "हो, मीबी पाह्यलं हाय थे." आणि हसली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मतलब काम इनका नहीं है?" सासूबाई माझ्याकडेच पाहत म्हणाल्या, "सांग न, तुहं हाय न हे चित्र?"

मी मान हलवली. होकारार्थी.

"तिचंच पाहून शिकली मी," आत्या लगेच म्हणाली. आवाज अगदी साधा होता. तिनं एकेक कापड घडी घालून गाठोड्यात ठेवायला सुरुवात केली. सुई-दोरा देऊन पाहावं, हे त्या खोलीत कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं होतं.

ती जागा एका प्रमाणपत्रवाल्या बाईला मिळाली. तिचं काम बरं होतं. आत्याला मी बसमध्ये बसवलं. खिडकीतून ती म्हणाली, "जा आता घरी. सैपाकाची वेळ झाली तुही." माझ्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

दोन वर्षांनी, एका दुपारी गहू निवडता निवडता, मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, घरात वादळ होईल. त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला.

"मले काय माहीत नव्हतं? लग्नाले सहा महिने झाले अन् तुले फाटकं लुगडं शिवता येईना. सगळ्याच पोरी दुसऱ्याच्या हातचं आनतेत. माहा रुमाल माह्या मामीनं भरला होता."

"मग त्या दिवशी तसं काहून बोलल्या?"

"त्या दुसऱ्या बाईनं आपल्या बैठकीत पाह्यलंच होतं थे. साहेबासमोर काय सांगू, आमची सून खोटी हाय म्हनून? घराची इज्जत असते, बाई." एवढं बोलून त्या गहू पाखडायला लागल्या. त्यांच्या लेखी ती गोष्ट संपली होती.

पुढच्या आठवड्यात मी पांढुर्ण्याला गेले. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, तरी ती कोणाच्या तरी पोरीचा अभ्रा भरत होती, कापड अगदी नाकाशी धरून. मी तिला सांगितलं, सासूबाईंना पहिल्यापासून माहीत होतं. तेव्हा मी खरं बोलले असते तरी माझं काही बिघडलं नसतं.

"मले समजलं होतं त्याच दिवशी," ती म्हणाली. "त्या माह्याकडं पाहून नाही बोलल्या. तुह्याकडं पाहून बोलल्या."

"मग तू काहून नाही सांगितलं? एक फूल भरून दाखवलं असतं तरी झालं असतं."

तिनं सुई कापडात खोचून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला मी कितपत दिसत होते, कोण जाणे.

"तूनं मान हालवली न, बाई," ती म्हणाली. "त्याच्यावर मी काय बोलनार होती?"

मग तिनं चहा करू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको, पाचची बस आहे.