कबोनेसाचं उलटं वाचन

आफ्रिकेतल्या टोरो राज्याच्या त्या टेकडीवर येशूचं नाव पोचवलं ते काही गोऱ्या पाद्र्यानं नव्हे. ते पोचवलं शेजारच्या बुगांडा राज्याहून पायी आलेल्या तोमासी गुरुजींनी, आणि त्यांच्यामागून कबोनेसानं. गुरुजींकडे पुस्तक एकच, शिकणारे चौदा. पुस्तक चटईवर मधोमध, माणसं भोवती. कबोनेसा पडली बाईमाणूस, तिला उरलेली जागा मिळाली, पुस्तकाच्या पलीकडे, गुरुजींच्या अगदी समोर. तिथून अक्षरं डोक्यावर उभी दिसत. बाई बहाद्दर! तशीच ओळखायला शिकली आणि वर्षभरात अख्खं शुभवर्तमान घडाघडा वाचू लागली, उलट्या बाजूनं.

पुढे नाचणी दळता दळता तिनं एकतीस जणींना वाचायला शिकवलं. पुस्तक त्यांच्याकडे सुलट, स्वतः समोर बसायची. तिची लेक कोबुसिंगेही अशीच शिकली, पाद्रीसाहेबांच्या पहिल्या खेपेला बाप्तिस्मा घेतला आणि पावसाळी तापात गेली. त्या खेपेला कबोनेसानं लेकीला पुढं केलं, स्वतः मागे राहिली. चर्चच्या कुंपणात तिला ठेवलं. कबोनेसाला आता एवढंच हवं होतं, लेकीशेजारची माती. पण कुंपणात जागा बाप्तिस्मा झालेल्यांनाच, आणि वाचता आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही.

तीन वर्षांनी पाद्रीसाहेब पुन्हा परीक्षेला आले. तिच्या शिष्या एकामागून एक पास झाल्या. तिची पाळी आली तशी तिनं पुस्तक फिरवून घेतलं. साहेबांनी हसत सरळ केलं, वर हात ठेवला. कबोनेसा बघतच राहिली. एक अक्षर ओळखीचं दिसेना.

"साहेब, या सगळ्यांना हिनंच शिकवलंय," गुरुजी म्हणाले.

"मग आता त्यांनी हिला शिकवावं. पुढच्या खेपेला बघू. तीन वर्षं काही फार नाहीत."

त्या एकतीस जणींतल्या शेजारीण कबाजुंगूनं मनावर घेतलं. ती कबोनेसाला तिच्या लाडक्या नावानं हाक मारायची. "अब्वोली, आता मी मास्तरीण. चुकलीस तर कान पिळीन हं." कबोनेसा हसायची, पण डोळ्यांची सवय काही मोडेना. दुसऱ्या वर्षी नाचणीच्या कापणीत ती शेतातच कोसळली, परत उठली नाही.

नवऱ्यानं कुंपणात खड्ड्यासाठी जागा मागितली. मंडळी जमली. साहेब लिहून गेले होते तो नियम वाचायला कबाजुंगूला उभं केलं, कारण त्यांच्यात सगळ्यात स्वच्छ वाचणारी तीच. तिनं वाचला. शेवटचा शब्द न वाचताच तिनं कागद मिटला, पण तोवर सगळ्यांना कळलं होतं.

केळीच्या बागेत पुरलं तिला. तोमासी गुरुजींनी प्रार्थनेला तोंड उघडलं. कुंपणाबाहेरच्यांसाठी काय म्हणायचं, ते पुस्तकात नव्हतं. माती लोटून होईपर्यंत ते तसेच उभे होते.