मोहाखालची विहीर

नर्मदेची परिक्रमा करून आलेल्या माणसाच्या लोक पाया पडतात. मोजणीवाले काका त्याचे पाय तपासायचे. आमच्या दुकानातल्या बाकावर बसवून चपला काढायला लावायचे, टाचांच्या भेगा बोटानं चाचपायचे आणि मग विचारायचे, "पायानं पाह्यलं का कानानं?"

वर्ध्याला आमचं पुस्तकांचं दुकान होतं. पंचांगं, पाट्या, शाळेची पुस्तकं आणि एका फळीवर परिक्रमेच्या पुस्तिका. सत्तरच्या दशकात आमच्या भागातून दरवर्षी थोडी माणसं परिक्रमेला निघायची. नदी उजव्या हाताला ठेवायची, कुठंही ओलांडायची नाही, वाहनात बसायचं नाही, महिनोन् महिने चालायचं. मुक्काम कुठं, पाणी कुठं, हे त्या पुस्तिकांत असायचं. त्यातली चांगली कोणती, हे मी दुकानदार असूनही मला कळत नसे. ते काका ठरवायचे.

काका हिंगणीचे. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला. एकदा मोजणी चालू असताना नाल्यात पडले, गुडघा कायमचा आखडला आणि हातात काठी आली. परिक्रमेचं वेड होतं, पण पाय नव्हता. म्हणून त्यांचा डोळा दुसऱ्यांच्या पायांवर.

गिऱ्हाइकानं देवीचं रंगीत चित्र पाहून पुस्तिका उचलली, की काका ती काढून घेत आणि आधी छपाईचं साल शोधत. "तुह्या बापाच्या लग्नाच्या वक्ती छापली हे. तवाची धर्मशाळा आता असंन का? ठेव खाली." कुणी जाडजूड पुस्तक घेतलं, तर, "एवढं काऊन नेतं? वजन पाठीवर नाई राहात, गुडघ्यात उतरते. मले इचार." आरत्यांची पानं तर ते माझ्या डोळ्यांदेखत ब्लेडनं कापून टाकत. "आरत्या तुले पाठ हायेत. पाणी पाठ हाये का?" माझा जीव खालीवर व्हायचा, पण गिऱ्हाईक खूश होऊन जाई.

नकाशा मात्र ते स्वतः काढून देत. घडीवर फाटू नये म्हणून पाठीला कापड चिकटवायचं, ते काकूंच्या जुन्या लुगड्याचं. काकू म्हणायच्या, "यायच्या नकाशापायी माह्या अंगावर लुगडं राह्यते का नाई, देव जाणे." मोबदला काही नाही, फक्त परत येऊन सांगायचं. कानावर आलेलं काका पेन्सिलीनं लिहीत, पायानं पाहिलेलं लाल शाईनं. तुम्हीही असली हट्टी माणसं पाहिली असतील. त्यांचं हसू येतं आणि त्यांच्याशी खोटं बोलायची भीतीही वाटते.

मी बोललो.

आईच्या दुखण्यात बोललेला नवस होता, म्हणून मीही परिक्रमेला गेलो. एका जागी झाडीतला सात कोसांचा टप्पा होता. पायाला फोड, अंगात ताप. लाकडं नेणारा ट्रक थांबला आणि मी चढलो. ताडपत्रीखाली तोंड लपवून ते सात कोस पार केले. बाकी सगळं चाललो, अगदी खरं चाललो.

घरी हार झाले, कन्याभोजन झालं. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या टाचा पाहिल्या, मान डोलावली आणि नकाशातल्या झाडीवर बोट ठेवलं. "इथं पाणी?"

माहीत नाही म्हटलं असतं, तर पुढचं सगळंच निघालं असतं. "हाये," मी म्हणालो. "अर्ध्या वाटेवर. मोहाच्या झाडाखाली विहीर हाये, पक्की बांधलेली."

"पायानं पाह्यलं का कानानं?"

"पायानं."

त्यांनी लाल शाईची दौत उघडली. त्या वर्षी आमच्याकडून तिकडं गेलेला मी एकटाच होतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती.

पुढच्या वर्षी काकू निघाल्या. "यायले जमत नाई, तं यायचे पाय मीच," असं म्हणून केळझरच्या चार बायांबरोबर त्यांनी नाव घातलं. निघताना दुकानाशी थांबल्या. मी त्यांना गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी दिली आणि म्हणालो, "काकू, झाडीत पाणी जास्त घेऊन ठेवजा."

त्या हसल्या. "विहीर हाये नं तिथं. तूच तं सांगतलं."

तेव्हा बोलायचं होतं. नाही बोललो.

चौघीच परत आल्या. ऊन चैत्रातलं होतं. पुढं विहीर आहे म्हणून काकूंनी आपल्याजवळचं पाणी दोघींना पाजून टाकलं होतं. झाडीत मोह पुष्कळ. काकू एकेका मोहाखाली जाऊन पाहत होत्या आणि म्हणत होत्या, "यायनं लाल शाईनं लिवलं हाये. असंनच." त्याच झाडीत ऊन लागून गेल्या. अग्नी तिकडंच दिला.

तेरवी झाल्यावर काका दुकानात आले. बाकावर बसले. मग म्हणाले, "बापू, मोहाखालीच होती नं?"

"हो," मी म्हणालो. माझ्याच तोंडून ते निघालं, आणि त्याची मला आजही शिसारी येते.

"मंग तिलेच नाई सापडली," काका म्हणाले. "नकाशा वाचता येत नव्हता तिले."

गेलेल्या बाईच्या माथी चूक मारून मी पुढचे काही महिने नीट जेवलो-झोपलोसुद्धा. कार्तिकात अल्लीपूरचे दोघे भाऊ परिक्रमेसाठी पुस्तिका घ्यायला आले. काकांनी नवा नकाशा पसरला आणि लाल खुणेवर बोट ठेवलं. "इथं विहीर हाये. बाया चुकल्या. तुमी नीट पाहाजा."

"काका," मी म्हणालो, "मी तिथं ट्रकनं गेलतो. विहीर नाई पाह्यली."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं नाही, तोंडाकडंही नाही. खिशातून ब्लेड काढलं आणि ती खूण खरवडायला लागले. शाई गेली तरी हात थांबेना. कागद फाटला आणि खालचं काकूंचं हिरवं लुगडं दिसलं, तेव्हा थांबले.

नकाशाची घडी घालून त्यांनी भावांच्या हातात दिली. "तिथं पाणी नाई. भरून नेजा." परत येऊन सांगजा, असं काही म्हणाले नाहीत. काठी घेतली आणि गेले. पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. भाऊ वर्षानं हिंगणीला त्यांच्याकडं सांगायला गेले, तर म्हणाले, "आता लिवत नाई मी." त्यानंतर दोन उन्हाळे जगले.

त्यांच्यामागं फळीवरच्या पुस्तिका लोक चित्र पाहूनच उचलायला लागले. मी कुणाला अडवत नसे. फक्त प्रत्येकाला झाडीचं पान उघडून दाखवायचो आणि सांगायचो, इथं सात कोस पाणी नाही.

"तुमी पायानं गेलते का?" एखादा विचारायचा.

"ट्रकनं," मी सांगायचो.