चौथा उद्गार

लेंटात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, मी आणि अक्का चहा सोडायचो. अक्का म्हणजे साक्रीतली माझी शेजारीण, आमच्याच चर्चच्या मंडळीतली. दिवसभर उपास, संध्याकाळी तिच्या ओट्यावर कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्या वर्षी भाकरी मोडता मोडता माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, त्या गयात तधळपाईन माले प्रार्थनाच येत नही. डोया मिटस, पन समोर कोनीच नही." नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"हाई गोट मन्हा पोटमाच राही," ती म्हणाली. मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढची प्रार्थनासभा तिच्याच घरी होती. सभेच्या शेवटी आमच्यात विनंत्या सांगतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा. अक्का उठली आणि म्हणाली, "आपल्या एका बहिणीचा विश्वास डळमळलाय. नवरा गेल्यापासून ती प्रार्थना करू शकत नाही." नाव घेतलं नाही, एवढी कृपा. पण त्या खोलीत नुकतीच विधवा झालेली मी एकटीच होते. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हटलं!

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब गोडीत म्हणाले, "बाई, थोडी विश्रांती घ्या. संडे स्कूल दुसरं कुणी पाहील." ते वर्ग मीच घ्यायचे; मुलांबरोबर गाताना तेवढा वेळ देव जवळपास असावा असं वाटायचं. अक्कानं तेही घालवलं, आणि वर माझ्यासाठी जास्तीचे उपास धरले. तिचा ओटा दिसला तरी माझं डोकं फिरायचं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण मांडतात. मला पहिला आला, क्षमेचा. हे अक्कानंच सुचवलेलं असणार. मी सरळ सांगितलं, "मला चौथा द्या." देवानं आपल्याला का सोडलं, असं प्रभू स्वतः विचारतो, तो.

उभी राहिले तेव्हा तयारी काहीच नव्हती. अक्का पुढच्याच बाकावर, डोळ्यांना पदर लावून. मी वर बघितलं आणि घरात बोलते तसं विचारलं, "देवा, तू माले काबं सोडं?" एवढंच विचारून जागेवर येऊन बसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला काहीतरी विचारलं होतं.

बाहेर अक्कानं माझा हात धरला. "देवनी ऐकी ना आम्हनी प्रार्थना!"

मी हात सोडवून घेतला. घरी येऊन, ईस्टरची वाट न बघता, चहा ठेवला. देवाशी बोलणं सुरू झालं होतं. अक्काशी ते आजही बंद आहे.