उदगीरची लाल गाडी

आमच्या लातूरच्या गल्लीतला मिस्त्री जुनी गाडी बघताना आधी इंजिन थंड आहे ना, ते बॉनेटवर तळहात ठेवून पाहतो. दोष सापडला की मालकासमोरच ओरडतो, "ठोकलेली हाय!"

मला गाडी घ्यायची होती म्हणून मी आणि मिस्त्री उदगीरला एक लाल स्पोर्ट्स कार बघायला गेलो. विकणाऱ्या काकांचा मुलगा आजारानं गेला होता, गाडी त्याची. मिस्त्रीनं दाराचं रबर उचललं. आत वेल्डिंगची जाड रेघ होती, म्हणजे मोठा अपघात झालेला.

"पोरानं लई जपली हो," काका म्हणाले.

मिस्त्रीनं रबर हळूच परत बसवलं. "हाव, दिसतंयच की. पण आमच्या रस्त्याला लई बुटकी हाय."

मला त्यानं मान हलवून नको म्हटलं, आणि काकांशेजारी बसत विचारलं, "कुठं कुठं फिरवायचा हो हिला?"