आश्विनात जायचं ठरलं होतं

अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत कोंडीराम मोटरसायकलवरून पलटणीचं टपाल नेत असे. बर्फाचे डोंगर रोज दिसत, पण थांबून बघायची सवड कधीच मिळाली नाही. पुढे तो माझगावच्या गोदीत फिटर झाला. भोईवाड्यातला शेजारी चंदू आणि त्याने मिळून लष्कराची एक भंगार मोटरसायकल घेतली आणि दोन वर्षं खपून चालती केली.

“काश्मीरला निघायचं कधी?” चंदूने विचारलं.

“आश्विनात. तेव्हा दरडी कोसळायच्या थांबलेल्या असतात आणि खिंडीत बर्फ अजून पडायचं असतं.”

छप्पन्नचा आश्विन ठरला. त्याच वर्षी जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि गोळी लागून कोंडीरामचा गुडघा कायमचा आखडला.

“पुढच्या वर्षी दोघं जाऊ रे,” चंदू म्हणाला.

“पुढच्या वर्षीही गुडघा हाच असणार. तू जा.”

आश्विन सरता सरता जम्मूहून चंदूचं पत्र आलं. ‘रस्ता कोरडा आहे, आभाळ स्वच्छ. तू म्हणालास तस्संच.’ कोंडीरामने ते बायकोला, शांतीला, दोनदा वाचून दाखवलं. मग लगेच त्याच्या पुढच्या मुक्कामाच्या पत्त्यावर कार्ड लिहायला घेतलं.

‘चंदू, परतताना खिंडीत गाडी बंद करून थोडा वेळ बस. तिथे काय ऐकू येतं, ते मला सांग.’