पाक आणि धुवण

मामा त्या वर्षी कायम होणार होते. सोलापुरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात उंदीरघर सांभाळता सांभाळता त्यांची अठरा वर्षं रोजंदारीवर गेली होती. आता कच्च्या यादीत आपलं नाव आहे, हे त्यांनी ऑफिसात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मूळचे दुधनीकडचे. पिंजरे मोजायचे कन्नडात, बोलायचे मराठीत. माझ्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेणं हा त्यांचा हक्कच. "पेडे नव्या पेठेतनंच आननार बगा, म्याडम," हे रोजचं.

माझा पीएचडीचा प्रयोग साधा होता. उंदरांना दहा दिवस रोज पाच मिनिटं दाट साखरपाणी द्यायचं आणि अकराव्या दिवशी एकदम पातळ. पहिल्यापासून पातळच मिळालेले उंदीर ते मजेत पितात. दाटाची सवय लागलेले मात्र हुंगतात, एकदोनदा चाटतात नि तोंड फिरवतात. औषधाने ही निराशा कमी होते का, ते मला बघायचं होतं. मामा दाटाला पाक म्हणायचे, पातळाला धुवण. मी बाटल्यांवर चिठ्ठ्याही तशाच लावल्या, घोळ नको म्हणून.

अकराव्या दिवशी सगळे उंदीर मन लावून प्यायले. औषध न दिलेलेसुद्धा! मी धुवणाच्या बाटलीतला थेंब बोटावर घेऊन चाखला. गोडमिट्ट.

"मामा, हे काय?"

"साकर घातली की सकाळी," ते सहज म्हणाले. "पावन्याला धा दिस पाक वाडायचा आनि मग धुवन? तुमाला चालंल व्हय? मुकं जनावर हाय ते."

माझं डोकंच सटकलं. चार महिन्यांची मेहनत मातीत! मी त्यांना नको नको ते बोलले, आणि तेवढ्याने राग जाईना म्हणून तक्रार लिहून दिली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पक्की यादी लागली. मामांचं नाव नव्हतं. मी विचारायला गेले तर क्लार्क म्हणाला, "तुमचाच कागद हाय की फायलीत." मागे घेते म्हटलं. तो म्हणाला, आता उशीर झाला.

प्रयोग पुन्हा केला. मामा वेळेवर यायचे, चमचाभर इकडचं तिकडे करायचे नाहीत. पिंजरे मोजायचे, पण मनातल्या मनात. अकराव्या दिवशी उंदरांनी बरोबर तोंडं फिरवली. सांगायला लाज वाटते, पण मला आनंदच झाला.

तेवढ्यात चहा आला. मी अर्धा बशीत ओतून मामांपुढे सरकवला. त्यांनी बशी ओठांना लावली आणि खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे, म्याडम," म्हणाले, नि पिंजरे धुवायला गेले.

मी सवयीने घड्याळ बघितलं. पाच मिनिटांनी बशी उचलली, तेव्हा चहा तेवढाच होता.